चिमणीचे उपास

आमच्या घरात उपास करणाऱ्या दोघी होत्या. एक माझी मोठीमाय आणि दुसरी चिमणी. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा लवकर गेले, लेकरूबाळ नव्हतं, तेव्हापासून ती आमच्यातच होती. आणि चिमणी म्हणजे मेंढी. आता मेंढी कशी काय उपास करते असं तुम्ही विचाराल, तर तेच सांगायला बसले आहे. घाई करू नका. माझी सून म्हणते, "आई, तुमी गोष्ट सांगाले लागल्या का चहा थंडा होते." होऊ द्या थंडा. नातीच्या मागच्या वर्षाच्या वहीत उलट्या बाजूनं लिहिते आहे, आणि वही चांगली जाड आहे.

आमचं धनगराचं घर. शिरपूरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. अडीच एकर मुरमाड रान, चाळीस मेंढ्या आणि एक मेंढा. वारा तिकडून असला की जऊळक्याच्या आगगाडीची शिट्टी ऐकू यायची आणि माय म्हणायची, गाडी आली, आता भाकरी थापायला घ्यावी. गाडी वेळेवर कधी नसायची, त्यामुळे आमची जेवणंही नसायची. पण माझ्या कानात राहिलेला आवाज गाडीचा नाही. संध्याकाळी कोठ्यात चाळीस तोंडं एकदम तुरीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, चावू लागली की असा आवाज व्हायचा, जसं काही घरभर माणसं बसून जुने कागद फाडताहेत. त्या आवाजात मला अभ्यास यायचा. परीक्षेला शिरपूरच्या शाळेत बसले तर तिथं इतकी शांतता, की मला काहीच आठवेना.

मोठीमायचे वार असे होते: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय दोन एकादश्या आणि चतुर्थी. उरलेल्या दिवशी ती उपास सोडायची. बाई अगदी सच्ची, चोरून एक दाणा तोंडात टाकणार नाही. पण उपासाचं म्हणून जे चालतं ते सगळं ती मनापासून खायची. साबुदाण्याची उसळ, भगर, तिच्यावर फल्लीदाण्याची आमटी, म्हणजे तुमच्या शेंगदाण्याची, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी. उपासाच्या दिवशी आमच्या घरात तुपात परतलेल्या जिऱ्याचा असा वास सुटायचा, की बाबा ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढ्यात घेऊन हिरमुसले होऊन बसायचे. मोठीमाय कोठ्याच्या दारातून आडवी होऊन आत जायची. आडवी म्हणजे अंग वळवून. पोटात मात्र माया इतकी, की तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की मला उशी कधी लागली नाही.

चिमणीचं नाव मी ठेवलं. जन्मली तेव्हा मूठभर होती, आई तिची त्याच दिवशी मेली. थंडीचे दिवस होते. मी तिला माझ्या गोधडीत घेऊन निजायची, बाटलीनं शेळीचं दूध पाजायची. त्यामुळे तिचा असा समज झाला की आपण माणूस आहोत. कळपात जायची नाही. चरायला नेलं तर दहा पावलं जाऊन माझी वाट बघत उभी राहायची. स्वयंपाकाच्या खोलीचं दार कपाळानं ढकलून आत यायची, चुलीपाशी पाय मुडपून बसायची आणि ताटात भाकरी वाढली की तिचा वाटा मागायची. तीन वर्षांत ती एवढी झाली की तिला उचलायला दोन माणसं लागत. नाव मात्र चिमणीच. बाजारहाटाची पाहुणी माणसं विचारायची, "चिमणी कुठी हाय?" आणि आम्ही दाखवायचो, तर ती पाहुणी आमच्या तोंडाकडे बघायची.

पण चिमणीला दोन पावसाळे गेले तरी पोट राहिलं नाही. सगळ्या मेंढ्यांना पाच महिन्यांनी कोकरं होत, ही तशीच रिकामी. माझी सातवीची परीक्षा जवळ आली होती, होळी होऊन गेली होती, त्या दिवसांत एका सकाळी बाबांनी तिच्या कमरेवर हात ठेवला, दाबला, आणि हात झटकला.

"हे या वर्षी बी रिकामीच राह्यते," बाबा म्हणाले.

"राहू द्या ना बाबा. खाते काय बिचारी?"

"खाते काय?" माय चुलीपासून बोलली. "मी खातो थे सारं खाते. वरून माह्या लुगड्याचा पदर खाते."

"शेवंते, आयक," बाबा म्हणाले. "चाळीस तोंडं हायेत. उनाळ्यात कुटार पुरत नाई. जे मेंढी पिलू देत नाई, तिले मी कायच्या जीवावर पोसू? या पावसाळ्यात गाभन राह्यली त राह्यली. नाई त दर गुरुवारी येपारी येते, त्याले देऊन टाकीन."

व्यापारी मेंढ्या कशाला नेतो हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगत नसे. सांगायची गरज नव्हती. माझ्या हातातली पाटी ओट्यावर आपटली.

"बाबा, काहून नाई राहत थे गाभन? तिले काय झालं?"

"माजली, दुसरं काय. चरबीनं आतून बंद झाली. उतरवा लागते इले."

"कशी उतरवू?"

बाबा त्या दिवशी निघायच्या गडबडीत होते. उन्हाळ्यात ते कळप घेऊन आसेगावकडे जायचे, मायच्या माहेरच्या बाजूला. तिथले शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत होतं, आणि त्याबद्दल धनगराला ज्वारी मिळते. खांद्यावर घोंगडी टाकत बाबा म्हणाले, "उपास धराले लाव तिले! तुह्या मोठीमायजवळ शिक." आणि एकोणचाळीस मेंढ्या, लंगोट बांधलेला मेंढा आणि काळा कुत्रा घेऊन ते गेले. चिमणीला मी मागून घेतलं होतं. तशीही ती जाणार नव्हतीच.

मेंढ्याचा लंगोट खरा बरं का. आमच्या मेंढ्याचं नाव फौजदार. त्याला बारदानाचा तुकडा पोटाखाली बांधून ठेवत, म्हणजे भलत्या वेळी मेंढ्या गाभण राहू नयेत आणि कोकरं भर उन्हाळ्यात जन्मू नयेत. लंगोट सुटायचा तो पावसाळा लागून हिरवं आलं की. तोवर फौजदार असा काही तोंड करून हिंडायचा, की जणू त्याची बदली झाली आहे.

तर उपास. आमच्या घरात बाबांचं बोलणं थट्टेवारी न्यायची रीत नव्हती, कारण ते थट्टा करत हेच कुणाला माहीत नव्हतं. मी त्याच दुपारी मोठीमायपाशी गेले. ती जिवतीच्या कागदाखाली बसून वाती वळत होती.

"मोठीमाय, चिमणीले उपास धराचे हायेत. नाई त बाबा तिले येपाऱ्याले देतात."

मोठीमायनं वाती खाली ठेवल्या. तिच्या सगळ्या आयुष्यात तिला कुणी उपासाबद्दल काही विचारलं नव्हतं. सगळे हसायचेच. तिचे डोळे भरून आले.

"मुक्या जिवाले हे सुचलं व माय," ती म्हणाली. "आपन करू. मी संगं हाव तिच्या. कोनता वार धराचा?"

"तुमचे सारे."

मग नियम ठरले. उपासाला धान्य चालत नाही. म्हणजे ज्वारीचा कडबा बंद, कारण ज्वारी धान्य. तुरीचं कुटार बंद, कारण तूर धान्य. माझ्या मनात आलं की मग गवताचं काय? मोठीमायनं बराच विचार केला. "गनपतीले दुर्वा चालतात," ती म्हणाली, "मंग गवत काहून नाई?" पण ऐन उन्हाळ्यात गवत होतं कुठं? बाभळीच्या शेंगांचा प्रश्न आला, तर ती म्हणाली, झाडाला लागते ते फळ, चालते. मीठ सैंधव. आणि मुख्य अन्न म्हणजे जे मोठीमाय खाईल ते. "आपल्या पानातलं द्याचं," ती म्हणाली, "संगं उपास केला का पुन्य दोघीले."

अशी चिमणी उपासाला लागली. सोमवारी फल्लीदाणे आणि भगर. गुरुवारी रताळी आणि केळ्याच्या साली. शनिवारी राजगिऱ्याचा लाडू, तो तिला फार आवडायचा, खाऊन झाला की माझा हात चाटत बसायची. एकादशीला सगळंच. आणि मधल्या दिवशी उपास सोडायचा म्हणून तूप लावलेली भाकरी. माय दिवसभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटायला जायची, तिला यातलं काही माहीत नव्हतं. फल्लीदाण्याचा डबा लवकर रिकामा होतो एवढंच तिच्या लक्षात आलं, आणि तिचा संशय मोठीमायवर होता, म्हणून जाऊबाईचा मान राखून ती गप्प होती. मी रोज रात्री महादेवाला सांगायचे की चिमणी बारीक होऊ दे. आणि रोज सकाळी मला वाटायचं की झाली थोडी. माणसाला जे पाहिजे असतं ते त्याला दिसतं. आता माझी सुद्धा साखर वाढली आहे आणि आरशात मला मी बारीकच दिसते, तेव्हा मी त्या वेळच्या पोरीला नावं ठेवत नाही.

बाबा परतले तो दिवस एकादशीचा होता. मोठीमायनं मोठ्या गंजात भगर शिजवून ओट्यावर निवायला ठेवली आणि देवापाशी बसली. मी रस्त्यावर बाबांची वाट बघत होते. चिमणीनं दार ढकललं आणि गंजात तोंड घातलं. आम्हाला कळलं तेव्हा गंजाचा तळ दिसत होता आणि चिमणीची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. ती उभी होती पाय फाकून, मान लांब करून, आणि कण्हत होती. मी बोंब ठोकली. तेवढ्यात इकडून माय आली शेतातून आणि तिकडून बाबा आले कळप घेऊन. मायनं एकदा गंजाकडे पाहिलं आणि एकदा चिमणीकडे, आणि डोक्यावरचा भारा तिथंच टाकला.

"शेवंते, जवसाच्या तेलाची शिशी आन. पळ! तुमी, तिचे पुढचे पाय त्या दगडावर ठेवा. वर, अजून वर. बाई, तुमी बाजूले सरा, हवा येऊ द्या."

मायनं चिमणीच्या तोंडाच्या कडेनं हळूहळू तेल सोडलं, आणि मग दोन्ही मुठींनी ती फुगलेली कूस चोळत राहिली. चोळते आहे, चोळते आहे, घाम तिच्या नाकावरून टपकतो आहे. मोठीमाय मारुतीला नवस बोलत होती. माझं तोंड मी घोंगडीत खुपसलं होतं. आणि मग चिमणीनं ढेकर दिली. अशी ढेकर मी त्यानंतर एका लग्नाच्या पंगतीतच ऐकली, पण तो माणूस मोठा होता. मग दुसरी, मग तिसरी. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे असे बघत होतो जसं काही ती कीर्तन करते आहे.

जीव वाचला. मग बाबांनी सवयीनं तिच्या कमरेवर हात ठेवला, आणि त्यांचा हात आत गेला.

"बाप्पा! हे त गादी झाली!" ते म्हणाले. "शेवंते, मी तुले इले उतरवाले सांगतलं होतं नं?"

"मंग? उपास धरले की आमी. एक चुकवला नाई."

"कायचे उपास?"

मी सगळं सांगितलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, काय काय आणि किती. सांगताना बाबांचं तोंड एका बाजूनं हलायला लागलं. लाडवापाशी आले तेव्हा ते ओट्यावर बसले. आणि मग माझा बाप हसला. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर आपटून हसला. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. मोठीमायला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, "कडब्याची एक काडी तिच्या तोंडात जाऊ देली नाई मी!" तर ते अजून हसले. मायला हसू आलं नाही. ती रिकामा फल्लीदाण्याचा डबा उलटा करून बघत होती.

हसणं थांबलं तेव्हा बाबा डोळे पुसत म्हणाले, "पोट्टे, पन आता मेंढा सोडाले दीड मयना राह्यला. हे काई होत नाई आता. तू मन घट्ट कर."

"होते," माय म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. आमच्या गावात मेंढ्यांची नजर बाबांना आहे असं सगळे म्हणायचे. बाबाही तसंच समजायचे. पण कुठल्या मेंढीला काय घालायचं आणि कधी, हे माय ठरवायची. ती हळूच म्हणायची, "मले वाटते तुमी काल म्हनत होते का तिले चुनी द्यावी," चुनी म्हणजे डाळीचा भरड चुरा, आणि बाबा म्हणायचे, "हो, म्हनत होतो." दोन वर्षांमागं आमच्या गावात जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सभा घेतली आणि पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की मेंढीची पाठ अशी तपासावी. मी मागं बसले होते, मोठ्यानं म्हणाले, "साहेब, हे त आमच्या मायनं सांगतलं होतं." सगळे हसले. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, "मग आजी, तुम्हीच सांगा पुढचं." आणि मी सांगितलं.

काय सांगितलं, तर हे. मायनं त्या संध्याकाळी मला जवळ बसवलं.

"मूठ आवळ," ती म्हणाली. "आता दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या हाडावरून फिरव. टोचतात हाडं? मेंढीचा कना असा लागला, त थे उपाशी हाय. आता मूठ उघड. तळव्यावरून बोट फिरव. लागते काई?"

"नाई. मऊ हाय."

"अशी लागली त माजली. तुही चिमनी. आता हात पालथा घाल. फिरव. हाडं हायेत, पन वर मांस हाय. मेंढा सोडाच्या दिवशी अशी पाठ पायजे. समजलं?"

समजलं. मग मायनं फल्लीदाण्याच्या डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. चिमणीला कडबा, कुटार आणि पाणी, बाकी काही नाही. "उपाशी मारू नको," माय म्हणाली, "पोटभर चावू दे. पन चालव तिले." माझी परीक्षा झाली होती, सुट्टी होती. रोज सकाळी ऊन तापायच्या आत चिमणीला दोरीनं धरून पाझर तलावापर्यंत न्यायचं आणि आणायचं. पहिल्या दिवशी ती वीस पावलांवर बसली. मी ओढते आहे, ती बसली आहे. तेवढ्यात मागून मोठीमाय आली. पदर खोचलेला, पायात मोठेबाबांच्या जुन्या वहाणा.

"तुमी कुठी, मोठीमाय?"

"माह्यापायी झालं नं हे? मंग मी बी चालतो," ती म्हणाली आणि चिमणीच्या पाठीत एक गुद्दा घातला. "ऊठ व! मी उठलो, तुले काय झालं?"

आणि चिमणी उठली. अशा आम्ही तिघी रोज निघायचो. पुढं मी, मध्ये चिमणी, मागं मोठीमाय, आणि दोघींच्या धापा एका सुरात. शिरपूरची एस. टी. आम्हाला रोज डांबरी रस्त्यावर गाठायची. कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "मावशी, तीन तिकिटं फाडू काय? बकरीचं अर्धं!" मोठीमाय मागून ओरडायची, "बकरी नाई, मेंढी हाय, आंधळ्या!" महिन्याभरानं असं झालं की मोठीमायची चोळी तिला ढिली व्हायला लागली आणि ती कोठ्याच्या दारातून एक दिवस सरळ आत गेली. आत जाऊन तिच्या लक्षात आलं, तर परत बाहेर येऊन पुन्हा सरळ आत गेली. उपास तिनं सोडले नाहीत, पण डब्याला कुलूप होतं, त्यामुळे ते खरेखुरे उपास झाले. मायशी ती महिनाभर फार कमी बोलली.

चिमणीच्या कमरेवर मी रोज हात ठेवायची आणि मग माझ्या तळहातावर. तळवा, तळवा, तळवा. मग एका सकाळी हात पालथा घातला आणि सारखं लागलं. मी धावत आत गेले. माय आली, तिनं दाबून पाहिलं, मान हलवली आणि पुढचं सांगितलं, ते मी कधी विसरले नाही.

"आता पंधरा दिवस वाढवाचं. फार नाई. रोज संध्याकाळी बाभळीच्या मूठभर शेंगा आन ओंजळभर तुरीची चुनी. मेंढीले वाटलं पायजे का आता बरे दिवस येऊन राह्यले. तसं वाटलं तरच थे पोटात पिलू धरते. लय बरं वाटलं त एकाचे दोन धरते."

मी आकडी घेऊन बाभळी झोडल्या. काटे रुतले, हातभर ओरखडे आले. सगळ्याच मेंढ्यांना त्या शेंगा मिळायच्या, पण चिमणीच्या मी मोजून द्यायची, एकही जास्त नाही. तिनं माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं त्या दिवसांत. मला वाटतं तिचा माझ्यावरचा विश्वास तेव्हा उडाला तो उडालाच.

हिरवं आलं. फौजदाराचा लंगोट सुटला. बाबांनी गेरू तेलात कालवून त्याच्या छातीला फासला, म्हणजे ज्या मेंढीवर तो जाईल तिच्या ढुंगणावर लाल डाग पडेल आणि आपल्याला कळेल. रोज दोन-तीन मेंढ्या लाल होऊन यायच्या. चिमणी कोरीच. पाच दिवस कोरी. सहाव्या दिवशी ती स्वतः होऊन कळपात गेली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि संध्याकाळी परत आली ती लाल होऊन. मी मोठीमायच्या गळ्यात पडले. पण बाबा म्हणाले, "आताच नाचू नको. पावसानं हे डाग धुऊन जातीन. पंधरवड्यानं मी नवा गेरू लावीन. ज्या मेंढीले पिलू धरलं, थे मेंढ्याले परत जवळ येऊ देत नाई. जे पुन्हा लाल झाली, थे रिकामी. चिमनी पुन्हा लाल झाली त मंग येपारी."

पंधरा दिवस गेले. नवा गेरू लागला. सोळा, सतरा. मी शाळेत बसायची आणि मला फळ्यावर लाल डाग दिसायचे. अठराव्या दिवशी सकाळी उठून कोठ्यात गेले, चिमणी दाराकडे पाठ करून उभी होती, आणि तिच्या शेपटीच्या वर लालभडक.

मी तिथंच खाली बसले. बाबा आले, त्यांनी पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. गुरुवार होता.

"बाबा, एक पावसाळा अजून."

"नाई व माय," बाबा म्हणाले. "आपलं ठरलं होतं."

बाबांनी दोरी घेतली. चिमणी त्यांच्या हाताला जिभेनं चाटायला लागली. मी तिच्या गळ्यात हात टाकून रडायला लागले, माय दारात उभी राहिली. आणि त्या गडबडीत मोठीमाय आली, अंघोळ करून, हातात पूजेचं ताट.

"काहून रडून राह्यली हे? काय झालं?"

"चिमणी पुन्हा लाल झाली, मोठीमाय."

"लाल त होईनच," ती म्हणाली. "मी आताच कुंकू लावलं तिले."

बाबा दोरी धरून वळले.

"आज एकादशी आन गुरुवार एकाच दिवशी आले," मोठीमाय ताटाकडे बघत सांगत होती. "म्हनलं, संगं उपास केले, संगं चाललो, गाईले लावतात तसं मागं कुंकू लावून पाया पडावं तिच्या. उजाडता उजाडता लावलं. का? मेंढीले चालत नाई काय?"

बाबांनी चिमणीच्या लोकरीवर बोट घासलं, नाकाशी नेलं, बोटावर चोळलं. मग ते हळूच म्हणाले, "कुंकूच हाय." आणि दोरी खाली टाकून ते कोठ्याच्या भिंतीला टेकले. माय पुढं झाली आणि मोठीमायला म्हणाली, "बाई, पुढच्या खेपीनं हळद लावा." त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढचा आठवडा संपला तरी चिमणीवर गेरूचा डाग पडला नाही. व्यापारी आला आणि चहा पिऊन गेला.

पाच महिने पुरे व्हायच्या सुमारास, सकाळच्या थंडीत चिमणी व्याली. पहिलं कोकरू आलं, आम्ही आनंदानं ओरडलो, आणि बाबा पोटातली वार पडायची वाट बघत बसले तर दुसरं आलं. एक पांढरं, एक तपकिरी, दोन्ही ओलीचिंब, दोन्ही माझ्या मुठीएवढी. चिमणी एकदा याला चाटायची, एकदा त्याला, आणि मधूनच आमच्याकडे असं बघायची की हे काय आहे आणि हे कुणी आणलं.

माय चुलीपासून उठली. गळ्यातला काळा दोरा तिनं डोक्यावरून काढला, डब्याचं कुलूप उघडलं आणि ओंजळभर फल्लीदाणे घेऊन कोठ्यात आली. मी बघतच राहिले.

"माय, तूच त म्हनली होती—"

"थे तवा. आता दोन जीव ओढतीन तिले. आता नाई देलं त हाडं उघडी पडतीन. आता खाऊ दे." आणि तिनं ओंजळ चिमणीच्या तोंडापुढं धरली.

मोठीमाय दारात उभी होती. गुरुवार होता.

"माहा बी उपास हाय व आज," ती हळूच म्हणाली.

मायनं तिच्याकडे पाहिलं. हात पदराला पुसला. मग सरळ पुढं जाऊन आपल्या थोरल्या जावेच्या कमरेवर हात ठेवला, अंगठ्यानं कणा दाबून पाहिला, आणि आपला हात पालथा घालून त्याच्याकडे बघत विचार केल्यासारखं केलं. बाबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"जमते," माय म्हणाली.

मोठीमायनं पदर पसरला, मायनं त्यात दोन मुठी टाकल्या, आणि चिमणीनं मान लांब करून त्यातली एक खाल्ली.